हलवलं की कॉपी केलं?

मंडळी, गेले दोन-तीन शनिवार जरा हलकंफुलकं लिहून झालं, आज थोडा तांत्रिक डोस. विषय आहे व्हर्च्युअल मशीन आणि मॅक ॲड्रेस. (मॅक म्हणजे ॲपलवाला मॅक नव्हे, नेटवर्क कार्डाचा पत्ता.) जांभई देऊ नका, कारण यात उधारी, सोयाबीनचं बियाणं, कोर्ट आणि भूकंप असं सगळं येणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी मॅक ॲड्रेस म्हणजे काय ते पाहू. तुमच्या लॅपटॉपमध्ये, मोबाईलमध्ये, राऊटरमध्ये जिथे म्हणून नेटवर्कची चिप आहे तिथे तिला एक ४८ बिटांचा नंबर दिलेला असतो. दोन-दोन आकड्यांच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या, त्या आयईईई नावाच्या संस्थेकडून विकत घ्याव्या लागतात. उरलेल्या तीन कंपनी आपापल्या मनाने वाटते. एकूण शक्यता सुमारे २८१ लाख कोटी. म्हणजे सगळ्या जगाला पुरून उरतील एवढ्या.

गाडीच्या भाषेत सांगायचं तर आयपी ॲड्रेस म्हणजे गाडी आज कुठे लावलीय तो पार्किंगचा नंबर आणि मॅक ॲड्रेस म्हणजे चेसिस नंबर. पुस्तकात हे इथपर्यंतच सांगतात. खरी गंमत पुढे आहे. चेसिस नंबर लोखंडावर ठोकलेला असतो. मॅक ॲड्रेसही चिपमध्ये 'भाजलेला' असतो म्हणतात, पण नेटवर्कवर जे पाकीट जातं त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचं काम शेवटी सॉफ्टवेअर करतं. ते चिपला विचारतं, "बाई गं, तुझा नंबर काय?" आणि ती सांगेल तो लिहितं. पण मनात आलं तर दुसराच लिहितं! पलीकडे कुणी ओळखपत्र मागत नाही. लिनक्सवर एका ओळीच्या कमांडने पत्ता बदलतो, विंडोजमध्ये बऱ्याच कार्डांच्या प्रॉपर्टीजमध्ये त्यासाठी चक्क एक रिकामा चौकोन दिलेला असतो.

थोडक्यात, मॅक ॲड्रेस हा पुरावा नाही. तो यंत्राने स्वतःबद्दल दिलेला शब्द आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता व्हर्च्युअल मशीन. एका यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं यंत्र. आयबीएमने १९७२ साली मेनफ्रेमवर व्हीएम/३७० आणलं तेव्हापासून हा धंदा चालू आहे. आपल्यासारख्यांच्या टेबलावर तो आला १९९९ च्या व्हीएमवेअरमुळे आणि फुकटात आला २००७ च्या व्हर्च्युअलबॉक्समुळे. मला हा प्रकार नेहमी जुन्या वाड्यासारखा वाटतो. वाडा एक, मालक एक, पण आत चार भाडेकरू, प्रत्येकाची चूल वेगळी. भाडेकरूला वाटतं आपलं स्वतंत्र घर आहे. विहीर आणि दिंडी दरवाजा सगळ्यांत मिळून एकच, हे त्याच्या गावीही नसतं.

भाडेकरूला पत्र कसं येणार? दोन पद्धती. एक म्हणजे 'केअर ऑफ मालक'. पत्र मालकाच्या नावाने येतं, तो आत नेऊन देतो. याला म्हणायचं नॅट. दुसरी पद्धत, दिंडी दरवाजावर भाडेकरूच्या नावाची वेगळी पेटी. याला म्हणायचं ब्रिज. ब्रिज केलं की ते व्हर्च्युअल मशीन बाहेरच्या नेटवर्कवर स्वतःच्या मॅक ॲड्रेसने वावरायला लागतं. आता या यंत्राला चिपच नाही, तर नंबर कुठून आणायचा? सॉफ्टवेअर तो बनवतं. व्हीएमवेअरचे काही नंबर ००:५०:५६ ने सुरू होतात, केव्हीएमचे ५२:५४:०० ने, व्हर्च्युअलबॉक्सचे ०८:००:२७ ने. (हा शेवटचा नंबर कागदोपत्री पीसीएस सिस्टिमटेक्निक नावाच्या एका जर्मन कंपनीच्या नावावर आहे. म्हणजे भाडेकरूच्या दारावर अजून तिसऱ्याच माणसाची पाटी!) पुढच्या तीन जोड्या यदृच्छेने.

आता या व्हर्च्युअल मशीनची फाईल कुणीतरी पेनड्राईव्हवर कॉपी करून शेजारच्या डेस्कवर चालू केली तर? एकाच नेटवर्कवर एकाच पत्त्याची दोन यंत्रं. नेटवर्कचा स्विच हा साधाभोळा पोस्टमन असतो. ज्या दारातून शेवटचं पत्र आलं, त्या दारात हा पत्ता राहतो असं तो वहीत लिहून ठेवतो. दोघंही बोलायला लागले की तो वहीत खोडाखोड करत बसतो. पिंग जातंय, मग जात नाही, मग परत जातंय. कुठेही लाल अक्षरात एरर येत नाही. ज्याने हे एकदा भोगलंय त्याला विचारा, दोन दिवस केबली बदलण्यात जातात.

व्हीएमवेअरला हे पुरतं ठाऊक आहे. म्हणून एका जागेवरून उचललेलं व्हर्च्युअल मशीन नव्या जागी पहिल्यांदा चालू केलं की ते एक खिडकी उघडून विचारतं: हे मशीन तुम्ही हलवलंत की कॉपी केलंत? 'हलवलं' म्हणालात तर जुना मॅक ॲड्रेस तसाच ठेवतं. 'कॉपी केलं' म्हणालात तर नवा नंबर बनवून देतं. व्हर्च्युअलबॉक्समध्येही क्लोन करताना मॅकचं काय करायचं ते निवडावं लागतं. आपण दिवसाला पन्नास खिडक्या न वाचता ओके करतो, पण माझ्या मते आख्ख्या सॉफ्टवेअर जगतात यापेक्षा चांगला प्रश्न कुणी विचारलेला नाही. का, ते सांगतो.

*

आमचे दाजी धाराशिव जिल्ह्यात कळंब तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतात. खत, बियाणं, फवारणीची औषधं. मे २०२३ मध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, त्यावरच्या नेटवर्क चिपसकट. हार्ड डिस्क मात्र शाबूत राहिली.

"पाव्हणं, नवा डबा आणला की झालं न्हवं?" दाजींचा फोन.

झालं नव्हतं. कारण दुकानाची बिलं आणि उधारी ज्या प्रोग्रॅममध्ये होती, तो एका छोट्या कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी बनवलेला आणि त्याचं लायसन्स जुन्या यंत्राच्या मॅक ॲड्रेसला बांधलेलं. नव्या यंत्रावर तो नुसता हटून बसला. त्यात प्रोग्रॅमचे काही तुकडे १६ बिटी, ते ६४ बिटी विंडोजवर चालतच नाहीत. कंपनीला फोन केला तर पलीकडून सांगण्यात आलं की नवीन लायसन्स पूर्ण किमतीला घ्या आणि जुना डेटा येईल याची खात्री नाही.

शहरात बसून हा प्रकार किरकोळ वाटेल. पण मृगाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात उधारीचं खातं उघडत नाही म्हणजे काय, हे समजून घ्या. आमच्याकडे सोयाबीन हे खरिपाचं मुख्य पीक. पेरणीच्या वेळी रोख पैसे फार थोड्यांकडे असतात. माणूस येतो, गेल्या वर्षीचं किती राहिलं ते विचारतो, थोडं भरतो, बाकी मागे टाकून बियाणं-खत नेतो. हा सगळा व्यवहार त्या खात्याच्या भरवशावर. दुकानदाराला आकडा सांगता आला नाही तर तो पुढची उधारी देणार कशी? आणि अंदाजाने आकडा सांगितला तर गावात भांडणं. दाजींचे वडील वह्या ठेवायचे. दाजींनी कौतुकाने वह्या बंद करून सगळं कॉम्प्युटरवर आणलेलं.

"पेरणी काय तुमच्या कंप्युटरसाठी थांबत न्हाई," दाजी म्हणाले. (ती थांबली. त्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आलं, मान्सून कोकणात येऊन अडकला आणि मराठवाड्यात पोचायला महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला. शेतकरी आभाळाकडे बघत होते, आम्ही स्क्रीनकडे.)

उपाय काय केला ते ओघाने आलंच. नव्या यंत्रावर व्हर्च्युअलबॉक्स टाकलं. त्यात रीतसर विकत घेतलेली ३२ बिटी विंडोज १०, कारण ती १६ बिटी तुकडे चालवू शकते. जुन्या डिस्कवरून प्रोग्रॅम आणि डेटा आत नेला. राहिला मॅक ॲड्रेस. जुन्या चिपचा नंबर दुकानातल्या राऊटरच्या यादीत होता आणि लायसन्सच्या कागदावरही होता. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये तो टाकला की प्रोग्रॅमला ते आपलं जुनंच यंत्र वाटणार होतं. काम बारा आकडे टाईप करण्याचं.

पण ते बारा आकडे टाईप करण्याआधी लायसन्सचा कागद नीट वाचला. अट होती, 'एका वेळी एकाच यंत्रावर'. जुनं यंत्र जळालेलं, त्याच्याकडून आता कुठलाच पत्ता बोलला जाणार नव्हता. म्हणजे हे हलवणं होतं, कॉपी नव्हती. तसं कंपनीला मेलवर सविस्तर लिहिलं, जळालेल्या बोर्डाचा फोटो जोडला. आठवड्याने उत्तर आलं: जुनं यंत्र निकामी झाल्याचं लिहून द्या, मग आमची हरकत नाही. जो माणूस फोनवर नाही म्हणतो तोच लेखी प्रश्नाला हो म्हणतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. दाजींनी लिहून दिलं, मी आकडे टाकले आणि उधारीचं खातं उघडलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी हे लिहिलं नसतं. दुसऱ्या दिवशी दाजींनी हळूच विचारलं, "पाव्हणं, हीच फाईल येरमाळ्याच्या दुकानात टाकली तर? तिथंबी चालंल की."

चाललं असतं! मुद्दा तोच आहे. मॅक ॲड्रेस फक्त त्या-त्या लोकल नेटवर्कपुरता असतो, राऊटरच्या पलीकडे तो जातच नाही. कळंबचं यंत्र आणि येरमाळ्याचं यंत्र एकमेकांना कधी दिसलेच नसते. स्विचच्या वहीत खोडाखोड नाही, पिंगचा लपंडाव नाही. अडवणारं कुणी नव्हतं. नुकतंच लिहून दिलेलं एक पत्र तेवढं होतं.

मी लायसन्स, कायदा वगैरे सांगायला लागलो, दाजी ऐकल्यासारखं करत होते. मग म्हटलं, "दाजी, एक गिऱ्हाईक कळंबला पाचशे भरतं आणि येरमाळ्याला खत नेतं. आता त्याची बाकी किती? कुठल्या वहीतली खरी?" दाजी दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "व्हय. एका उधारीच्या दोन वह्या झाल्या की दुकान बुडतंय." माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं. येरमाळ्याच्या दुकानासाठी पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा प्रोग्रॅम घेतला.

*

हलवणं आणि कॉपी करणं यातला फरक आमच्या जिल्ह्याला नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा उस्मानाबाद आणि लातूर जिल्ह्यांतली ५२ गावं पुढे नव्या जागी वसवली गेली. नवी जागा, नवे सरळ रस्ते, नवी घरं, आणि नाव जुनंच. आख्खं गाव 'हलवलं'. जुन्या जागेवर दगडांचे ढीग राहिले, तिथे त्या नावाने कुणी पत्र घेत नाही. म्हणूनच ते नाव नव्या जागी निर्वेधपणे वापरता येतं.

उलटा प्रकार नुकताच पाहिला, जागा तीच आणि नाव नवं. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव जाऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं अधिकृत नाव धाराशिव झालं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचं नाव बदललं, त्याबरोबर स्टेशनचा कोडही 'यूएमडी'चा 'डीआरएसव्ही' झाला. पण पिनकोड ४१३५०१ तसाच राहिला आणि गाड्यांवरचं एमएच २५ ही तसंच. (नाव कुठलं चांगलं हा वाद इथे नको, तो पारावर चालू आहेच.) माझा इंजिनिअरी मुद्दा एवढाच की ओळख एका जागी नसते. ती दहा रजिस्टरांत विखुरलेली असते आणि प्रत्येक रजिस्टर आपापल्या वेगाने बदलतं, काही बदलतच नाहीत.

हीच गंमत व्हर्च्युअल मशीनची. सेंटओएस ६ च्या काळात सर्व्हर क्लोन करून मॅक बदलला की नेटवर्क गायब व्हायचं. कारण आत एका फाईलीत नोंद असायची की 'ईथ झिरो' हे नाव अमुक मॅकच्या कार्डाचं. नवा मॅक दिसला की लिनक्स म्हणणार, ते नाव राखीव आहे, तू 'ईथ वन'. मालक कधीच परत येणार नाही, पण पाटी त्याचीच! पुढे उबुंटू १८.०४ मध्ये वेगळीच तऱ्हा. मॅक बदलूनही दोन क्लोनना एकच आयपी मिळायचा, कारण यंत्राची एक खूण 'मशीन-आयडी' नावाच्या फाईलीत असते, आयपी मागताना ती सांगितली जायची आणि क्लोनमध्ये ती तशीच उतरलेली असायची. म्हणून 'कॉपी केलं' म्हणायचं असेल तर मनापासून म्हणा. मॅक, मशीन-आयडी, एसएसएचच्या किल्ल्या, होस्टनेम, सगळं बदला.

आता काही जण म्हणतील, पत्ता बदलणं म्हणजे लबाडीच की. नाही. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा केबलवाला इंटरनेट एका मॅकला बांधून द्यायचा. राऊटर लावायचा तर लॅपटॉपचा मॅक राऊटरला द्यावा लागे आणि त्यासाठी राऊटरमध्ये 'मॅक क्लोन' असं बटणच असायचं. आज तर तुमच्या खिशातला फोन हे रोज करतो. २०१३ मध्ये लंडनमध्ये रस्त्यावरच्या कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनचे मॅक टिपत होत्या, बोभाटा झाल्यावर ते बंद करावं लागलं. ॲपलने २०१४ पासून आणि अँड्रॉइडने २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून फोनचा खरा मॅक झाकून खोटा सांगायला सुरुवात केली. खोटा म्हणजे बेकायदा नव्हे. पत्त्याचा दुसरा आकडा २, ६, ए किंवा ई असेल तर तो 'स्थानिक' पत्ता, कुठल्याही कंपनीचा नाही, असा नियमच आहे. आपल्या फोनचा बघा, सापडेल. मॉलमधल्या कुणाला आपली चेसिस सांगायला आपण बांधील नाही.

पण दुसरी बाजूही आहे. ॲरन स्वार्ट्झने २०१० मध्ये एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोरचे लाखो शोधनिबंध उतरवले. त्याच्या लॅपटॉपचा मॅक अडवल्यावर त्याने तो बदलला, हे पुढे त्याच्यावरच्या आरोपपत्रात मुद्दा म्हणून आलं. खटला उभा राहण्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, २६ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्याबद्दल मला हळहळ आहे, आणि त्याच्यावर आणलेला कायद्याचा बडगा फार मोठा होता असंच माझं मत आहे. तरी एवढं कळतं की तीच एका ओळीची कमांड एका ठिकाणी सोय असते, एका ठिकाणी पडदा आणि एका ठिकाणी गुन्ह्याचा पुरावा. कमांडला यातलं काही कळत नाही, तिला फक्त बारा आकडे कळतात.

जाता जाता कामाच्या गोष्टी. व्हर्च्युअल मशीन एकाच नेटवर्कवर दोनदा चालवायचं असेल तर नवा मॅक घ्या, आळस करू नका. स्वतः नंबर बनवणार असाल तर 'स्थानिक'वाला बनवा. लायसन्स मॅकला बांधलेलं असेल तर तो नंबर आजच कागदावर लिहून ठेवा, वीज पडल्यावर शोधू नका. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माझ्या मित्रांनो, गिऱ्हाईकाला मॅक ॲड्रेसने बांधू नका. लबाडाला ते दोन मिनिटं अडवत नाही आणि प्रामाणिक माणसाला ऐन पेरणीत अडवतं. आणि त्या खिडकीत 'हलवलं की कॉपी केलं' असं विचारलं की न वाचता ओके करू नका. उत्तर खरं आहे की नाही हे ती खिडकी कधीच तपासू शकणार नाही. म्हणून तर ती तुम्हाला विचारतेय.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.